यवतेश्वरचा घाट, सायकल आणि कॅमेरा

सायकल चालवणे आणि निसर्गदृश्ये टिपणे हे दोन छंद एकत्र जोपासायचे असतील, तर फेरीची आखणी अंतरावरून नव्हे, तर प्रकाशावरून करावी लागते. किती किलोमीटर झाले आणि सरासरी वेग किती पडला, हा सायकलस्वाराचा नेहमीचा हिशोब त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा. सातारा ते कासचे फुलांचे पठार हा सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता या जोडछंदासाठी फार सोयीचा असल्यामुळे पुढील सूचना त्याच्याच आधाराने दिल्या आहेत.

साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढला की रस्ता डोंगराच्या धारेवरून पश्चिमेकडे जातो. उजव्या हाताला कण्हेर धरणाचे खोरे आणि डाव्या हाताला उरमोडीचा जलाशय व सज्जनगडाचा परिसर दिसतो. सकाळी सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे थांबून दक्षिणेकडे तोंड केले की प्रकाश डावीकडून आडवा येतो. अशा प्रकाशात डोंगराच्या सोंडा, घळी आणि शेतांचे बांध आपापली सावली टाकतात व दृश्याला खोली येते. ऊन वर आले की तेच खोरे सपाट आणि धुरकट दिसू लागते. सप्टेंबरमध्ये साताऱ्यात सूर्योदय साधारण सव्वासहाच्या पुढे होतो, म्हणजे तोवर घाट संपलेला असला पाहिजे. त्यासाठी किती वाजता निघावे, हे ज्याच्या त्याच्या दमावर अवलंबून आहे. एकदा कॅमेऱ्याशिवाय घाट चढून वेळ मोजून घेणे उत्तम. अंधारात निघायचे असल्याने पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा आणि प्रकाश परावर्तित करणारे जाकीट यांत कसूर करू नये.

छायाचित्रे चढताना काढावीत, उतरताना नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. चढावर हलका गिअर टाकून सावकाश जाताना नजर आजूबाजूला फिरते, आणि थांबण्यासाठी ब्रेकवर जोर द्यावा लागत नाही. उतारावर चांगली जागा दिसेपर्यंत ती मागे पडलेली असते आणि मग सुरू होतो तो अचानक ब्रेक लावण्याचा मोह, जो घाटात जिवावर बेतू शकतो. थांबताना वळण टाळून सरळ पट्टा निवडावा आणि सायकल डांबरी रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभी करावी.

कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्ये नेल्यास पाठ घामाने भिजते, तो ओलावा सॅकमध्ये उतरतो आणि प्रत्येक थांब्यावर सगळे उतरवावे लागते. याचा कंटाळा येऊन माणूस थांबणेच सोडून देतो. हँडलला बांधायची, आतून जाड फोम असलेली लहान बॅग मला अधिक पसंत आहे. तिच्यात छोटा कॅमेरा आणि एकच लेन्स, १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्ससुद्धा, पुरेशी होते. जड कॅमेऱ्याने हँडल डगमगते. मोबाइल वापरणाऱ्यांनी तो हँडलवर न लावता खिशात ठेवावा: मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता, आणि खड्ड्यांतून जाणारी सायकलही काही कमी हादरे देत नाही.

चढून आल्यावर छाती धपापत असते आणि हात स्थिर नसतो, म्हणून आधी पाणी प्यावे, श्वास खाली येऊ द्यावा आणि तोवर चौकट ठरवावी. तिपाई नसल्यास कॅमेरा रस्त्याकडेच्या कठड्यावर टेकवून दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्यावा. हातात धरून काढताना शटरचा वेग १/२०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र एफ ८ वर ठेवावे आणि गरजेप्रमाणे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवावी. लेन्सवर लावायचा, परावर्तित चमक छाटणारा पोलरायझर फिल्टर सूर्याशी काटकोनात सर्वाधिक काम करतो, म्हणजे सकाळी दक्षिणेकडे पाहताना तो नेमका उपयोगी पडतो आणि ओल्या पानांवरची चमक कमी करतो. समोर धुक्याचा पांढरा पडदा असेल, तर कॅमेरा त्या पांढऱ्याला राखाडी समजून चित्र काळवंडवतो; अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतला जाणारा प्रकाश, अर्धा ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

कासचे पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत त्याचा समावेश आहे. तेरडा, सीतेची आसवे अशी फुले जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरावर उगवतात. त्यामुळे सायकल बाहेर ठेवावी, आखून दिलेल्या वाटेवरूनच चालावे आणि जवळून फोटो हवा असल्यास वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसावे. फुलांत आडवे पडून काढलेल्या फोटोखाली किती रोपे चिरडली, हे फोटोत दिसत नाही. हंगामात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस निवडावा.

परतण्यापूर्वी कॅमेरा पुसून सिलिका जेलच्या पुडीसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि थेट घरी पोहोचल्यावरच बाहेर काढावा. घाट उतरण्याआधी ब्रेक पॅड तपासावेत. चाकाच्या ओल्या रिमवर (कडेवर) ब्रेक उशिरा धरतो, म्हणून वळणाच्या बऱ्याच अलीकडे दोन्ही ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करून घ्यावी आणि धुके असल्यास दोन्ही दिवे पुन्हा लावावेत.