कोंबडखत: नत्र उडतं, स्फुरद साठतं. या चुका टाळा

शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले, तर समजा की खतातलं नत्र (नायट्रोजन) हवेत चाललंय. कोंबडीच्या विष्ठेतलं बरंचसं नत्र युरिक आम्लाच्या रूपात असतं आणि ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून पहिली चूक ढिगापाशी नव्हे, कोंबड्यांना पाणी देणाऱ्या गळक्या निपलखाली होते. लिटरचा, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेल्या भुशा-तुसाच्या थराचा, ओलावा २० ते २५ टक्के ठेवा. मुठीत दाबून घट्ट गोळा झाला तर ते जास्त ओलं आहे. अशा वेळी आधी गळती बंद करा, लिटर खालीवर करणं नंतर.

वास मारायला ढिगावर चुना टाकू नका. सामू (pH) वाढतो आणि अमोनिया आणखी जोरात सुटतो. राखेचंही तेच.

लेअरच्या, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या, नुसत्या विष्ठेचा ढीग कुजत नाही, सडतो. त्यात कर्ब (कार्बन) फार कमी. कर्ब-नत्र प्रमाण २५ ते ३० ला १ होईल इतका पेंढा किंवा भुसा मिसळा, ओलावा ५० ते ६० टक्के ठेवा, ढीग पालटत राहा. आतलं तापमान ५५ अंशांवर गेलं नाही तर बहुधा हवा कमी पडतेय, नाहीतर ढीग फार ओला किंवा कोरडा आहे.

आता सर्वांत महागडी चूक: फक्त नत्राचा हिशेब. धरा, खतात नत्र ३ टक्के, स्फुरदही (फॉस्फरस) ३ टक्के. पिकाला हवं १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद. पहिल्या वर्षी निम्मं नत्र लागू पडतं असं मानलं तर ८ टन खत टाकावं लागेल. त्यातून स्फुरद जाईल २४० किलो, म्हणजे गरजेच्या चौपट! दरवर्षी असं केलं की पिकाला जस्त मिळेनासं होतं, पानं पिवळी पडतात, आणि 'खत कमी पडलं' म्हणून आपण आणखी टाकतो. शिवाय पावसाबरोबर स्फुरद तळ्यात जाऊन शेवाळं माजतं ते वेगळंच. त्यापेक्षा स्फुरदाच्या हिशेबाने २ टन टाका, उरलेलं नत्र दुसरीकडून द्या.

अहवाल वाचतानाही फसगत होते. आकडा P चा (नुसत्या स्फुरदाचा) आहे की P₂O₅ चा (त्याच्या ऑक्साइडचा), ते बघा, दोन्हींत २.२९ पटींचा फरक. तो ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हेही विचारा. नमुना ढिगाच्या आठ-दहा जागांवरून, आतून घ्या.

खत पसरल्यावर त्याच दिवशी मातीत मिसळा. माती परीक्षणात स्फुरद आधीच भरपूर दिसला, तर खत दुसऱ्या रानाला द्या.