छोट्या एनआयआर यंत्रावर गव्हातलं प्रथिन: पोत्यापासून आकड्यापर्यंत

हातात मावणारं निअर इन्फ्रारेड (एनआयआर) यंत्र गव्हावर टेकवलं की काही सेकंदांत पडद्यावर आकडा येतो, समजा १२.४. यंत्राला प्रथिन दिसत नाही. कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश दाण्यांवरून परत आला, एवढंच ते नोंदवतं. त्यावरून प्रथिन किती असावं हे आत भरलेलं समीकरण, म्हणजे कॅलिब्रेशन, ठरवतं. ते परदेशी गव्हावर बसवलेलं असेल तर लोकवन किंवा बन्सीवर आकडा येईल, पण त्याचा भरवसा नाही. कॅनडाच्या धान्य आयोगाने १९७५ पासून गव्हाची प्रथिनानुसार विभागणी एनआयआरवर सुरू केली, म्हणजे तंत्र जुनं आणि कसाला उतरलेलं आहे. अडचणी येतात त्या नमुन्यात, ओलाव्यात आणि कॅलिब्रेशनमध्ये.

खरेदीआधी यंत्र कोणत्या तरंगलांबीपासून कुठपर्यंत वाचतं तो पट्टा बघा. प्रथिनातल्या नायट्रोजन-हायड्रोजन बंधाच्या खुणा, म्हणजे जिथे प्रकाश जास्त शोषला जातो त्या जागा, साधारण १०२०, १५१० आणि २१८० नॅनोमीटरला असतात. २१८० ची खूण सर्वांत ठळक, पण खिशातली बहुतेक यंत्रं तिथपर्यंत पोचत नाहीत. सिलिकॉन सेन्सरची स्वस्त यंत्रं ११०० च्या आत थांबतात, तिथे खूण फार क्षीण असते. इंडियम गॅलियम आर्सेनाइड सेन्सरची यंत्रं सुमारे ९०० ते १७०० वाचतात. महाग असली तरी धान्यासाठी हीच घ्यावीत. ९७० आणि १४५० च्या आसपास पाणी बसलेलं असतं, स्टार्च सगळीकडे पसरलेला. त्यामुळे एकाच तरंगलांबीवरून प्रथिन काढता येत नाही, पूर्ण वर्णपट लागतो.

नमुना

एकाच लॉटमधल्या दोन दाण्यांच्या प्रथिनात चार-पाच टक्क्यांचा फरक सहज असतो. त्यामुळे वरची मूठ उचलून घेतलेलं वाचन त्या मुठीपुरतंच. दहापर्यंत पोती असतील तर प्रत्येकात परखी (पोत्यात खुपसून नमुना काढायची पोकळ सळई) मारा. दहा ते शंभर असतील तर कोणतीही दहा पोती निवडा, शंभरावर असतील तर एकूण संख्येच्या वर्गमुळाएवढी. परखी वर, मध्ये आणि तळाशी जायला हवी. सगळं ताडपत्रीवर ओतून मिसळा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, उरलेले बाजूला सारा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. मग चाळा आणि पाखडा. खडे, काडी, फुटके दाणे आणि माती वर्णपट बिघडवतात, धूळ तर यंत्राच्या खिडकीवरच (प्रकाश जिथून ये-जा करतो ती काच) बसते.

वाचन

१. यंत्र सुरू करून १५ मिनिटं तापू द्या. दिवा आणि सेन्सर स्थिरावण्याआधीचं वाचन सरकतं.

२. पांढऱ्या संदर्भ-चकतीचं वाचन घ्या. दर अर्ध्या तासाने आणि जागा बदलली की पुन्हा घ्या. चकतीला बोट लावू नका. ती मळली की सगळे आकडे एकाच दिशेने घसरतात, आणि लोक दोष कॅलिब्रेशनला देतात.

३. काळ्या, अपारदर्शक वाटीत धान्याचा किमान दोन सेंटिमीटर थर भरा. थर पातळ असेल तर वाटीचा तळच वाचला जातो. दाबून भरू नका, वाटी एकदा टेबलावर हलके आपटली की पुरे.

४. खिडकी दाण्यांना पूर्ण टेकवा. बाहेर असाल तर काळं कापड टाका, कारण उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. एलईडीच्या उजेडाचा त्रास जवळजवळ नसतो.

५. वाटी रिकामी करून पुन्हा भरा. असं पाच वेळा करा आणि सरासरी घ्या. यंत्राची खिडकी जेमतेम एका दाण्याएवढी असेल तर दहा-बारा वेळा. यंत्र न हलवता दहा वेळा बटण दाबल्याने फक्त सेन्सरचा गोंगाट कमी होतो, दाण्यादाण्यातला फरक तसाच राहतो.

प्लॅस्टिकच्या पिशवीवरून वाचन घेऊ नका. पॉलिथिनच्या स्वतःच्या खुणा वर्णपटात उतरतात.

ओलावा

भांडणं बहुतेक इथेच होतात. मे महिन्यात ९ टक्के ओलाव्यावर १२.६ आलेला गहू आणि पावसाळ्यात १२ टक्के ओलाव्यावर १२.२ आलेला गहू प्रथिनाने सारखेच आहेत. सूत्र सोपं आहे: आलेल्या प्रथिनाला (१०० वजा ठरवलेला ओलावा) ने गुणा आणि (१०० वजा प्रत्यक्ष ओलावा) ने भागा. १२.६ × ८८ ÷ ९१ = १२.२. कोरड्या आधारावर (ओलावा शून्य धरून) तोच गहू १३.८ चा. अमेरिकेत गव्हाचं प्रथिन १२ टक्के ओलाव्यावर सांगतात, कॅनडात १३.५ वर, ऑस्ट्रेलियात ११ वर. सौद्याच्या कागदावर ओलाव्याचा आधार लिहिलेला नसेल तर त्या आकड्यावर भाव ठरवू नका.

कॅलिब्रेशन बांधणं

किमान शंभर नमुने लागतात, दीडशे-दोनशे असतील तर उत्तम. संख्येपेक्षा पसारा महत्त्वाचा. ८ पासून १५-१६ टक्क्यांपर्यंत सगळीकडचे नमुने हवेत. ऐंशी नमुने ११ ते १२ च्या मध्येच असतील तर समीकरण प्रत्येक गव्हाला साडेअकराच्या आसपास खेचतं. वाण, जमीन, बागायत-जिरायत आणि हंगाम यांचंही तसंच.

एक सापळा मात्र फार फसवा. आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी (डुरम) वाण सुमारे १४.७ टक्के प्रथिनाचा आहे. वरच्या टोकाला फक्त असेच वाण ठेवले तर समीकरण प्रथिन शिकत नाही, दाण्याचा कडकपणा आणि काचेरीपणा शिकतं. आलेख सुंदर दिसतो. पण पुढे पांढरे पिठाळ डाग पडलेला, नत्र कमी पडलेला बन्सी आला की आकडा भरकटतो. म्हणून कमी प्रथिनाचा बन्सी आणि जास्त प्रथिनाचा साधा गहू मुद्दाम शोधून घ्या. जिरायतीतला बारीक, सुरकुतलेला दाणा दुसऱ्यासाठी कामाला येतो.

वाचन झालेलाच नमुना हवाबंद डबीत त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवा, जेल्डाल किंवा ड्युमास पद्धतीने नायट्रोजन मोजून प्रथिन काढण्यासाठी. ओलावाही तिथूनच मागवा. दर दहा नमुन्यांत एक वेगळ्या क्रमांकाने दुसऱ्यांदा पाठवा. दोन उत्तरांत ०.२ पेक्षा जास्त फरक येऊ लागला तर आधी प्रयोगशाळा बदला. संदर्भच डगमगत असेल तर यंत्र त्याहून अचूक ठरण्याची अपेक्षा व्यर्थ.

वर्णपटावर आधी एसएनव्ही करा (प्रत्येक वर्णपट स्वतःच्या सरासरी आणि विचलनाने एका मापात आणणं), मग साविट्स्की-गोले पद्धतीने पहिलं डेरिव्हेटिव्ह (वर्णपटाचा चढ-उतार). दाण्याच्या आकारामुळे होणारं विखुरणं यातून बरंच निघून जातं. नंतर पीएलएस, म्हणजे पूर्ण वर्णपटातून मोजके घटक काढून समीकरण बसवण्याची रीत. सहा ते दहा घटक बहुधा पुरतात. पंधरा लागत असतील तर समीकरण गोंगाट पाठ करतंय. एका नमुन्याची पाच वाचनं कधीही शिकवणी आणि परीक्षा अशा दोन गटांत वाटू नका, निकाल खोटा चांगला येतो. परीक्षेसाठी एक पूर्ण हंगाम बाजूला ठेवा.

परीक्षेत चूक (एसईपी) ०.४ च्या आसपास आली तर हातातल्या यंत्रासाठी काम चांगलं आहे. याचा अर्थ शंभरातले साधारण पंचाण्णव आकडे खऱ्याच्या ०.८ वर-खाली असतील. १० चा आणि १३ चा लॉट वेगळा काढायला हे पुरेसं आहे, ११.८ आणि १२.२ मध्ये भाव ठरवायला नाही. तसा वाद आला तर नमुना प्रयोगशाळेत.

रोजची तपासणी

कमी, मध्यम, जास्त अशा ज्ञात प्रथिनाच्या पाच नमुन्यांच्या काचेच्या बरण्या घट्ट बंद करून ठेवा. कामाला लागण्याआधी त्यातलं धान्य नेहमीच्या वाटीत ओतून वाचा आणि लगेच परत बंद करा. पाचही एकाच बाजूला ०.३ ने सरकले असतील तर आधी चकती आणि खिडकी पुसा, मग दिवा तपासा, मग धान्याचं तापमान. उन्हात तापलेल्या पोत्यातला ४० अंशांचा गहू आणि वातानुकूलित खोलीतला २४ अंशांचा गहू वेगळे वाचले जातात, कारण पाण्याची खूण तापमानाबरोबर सरकते. गहू खोलीत तासभर ठेवा, किंवा गरम धान्याचीही वाचनं कॅलिब्रेशनमध्ये घाला. यातलं काहीच नसेल तरच बायस (सगळ्या आकड्यांत मिळवायची ठरावीक दुरुस्ती) बदला, आणि तोही किमान वीस ताज्या नमुन्यांच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून. उतार (स्लोप, म्हणजे आकड्यांना गुणायची दुरुस्ती) बदलण्याची वेळ आली तर कॅलिब्रेशनच नव्याने बांधा.

पिठासाठी गव्हाच्या दाण्याचं समीकरण चालत नाही. दळणाचा बारीकपणा वर्णपट बदलतो आणि चक्कीच्या उष्णतेने ओलावाही उडतो. ज्वारी, बाजरी, मका यांना प्रत्येकी स्वतंत्र कॅलिब्रेशन लागतं, आणि तिथे प्रयोगशाळेला नायट्रोजनवरून प्रथिन काढण्याचा गुणकही विचारून घ्या. गव्हासाठी ५.७ वापरतात, इतर बहुतेक धान्यांसाठी ६.२५. नायट्रोजन २ टक्के असेल तर एका गुणकाने प्रथिन ११.४ येतं, दुसऱ्याने १२.५. दोन गुणकांचे आकडे एकाच तक्त्यात मिसळले गेले तर ती चूक कुठल्याही गणिताने मागाहून सुधारता येत नाही, कोणता आकडा कोणत्या गुणकाचा याची नोंद असेल तरच येते.