सोन्याच्या नॅनोरॉडवर (अतिसूक्ष्म कांड्यांवर) सिलिका चढत नाही, टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) रिकामे गोळेच दिसतात: माझा अनुभव

लक्षण असं: रॉड एकीकडे उघडे, शेजारी सोनं नसलेले सिलिकाचे गोळे. टीईओएस (ज्यापासून सिलिका बनते तो द्रव) कमी केलं तर गोळे कमी होतात, पण थरही तुटक येतो. जास्त वेळा धुतलं की रॉड चिकटून गुच्छ होतात. टीईओएसच्या बाटलीवर संशय घेण्यात वेळ फुकट जातो.

दोष उरलेल्या सीटॅबचा, म्हणजे रॉडना एकमेकांपासून वेगळं ठेवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाचा. ते साधारण १ मिलीमोलरच्या बरंच वर असलं की मोकळ्या मायसेलवरच (सीटॅबच्या रेणूंच्या पुंजक्यांवर) सिलिका जमते.

०.१ मोलर सीटॅबमधले १० मिली रॉड सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १२,००० पट) जोरानं २० मिनिटं फिरवा. तळाशी ०.२ मिली ठेवून पाण्यानं पुन्हा १० मिली करा. हेच आणखी एकदा. आता सीटॅब जवळपास शून्य, रॉड चिकटू शकतात, म्हणून न थांबता ०.१ मोलर सीटॅबचे १०० मायक्रोलिटर घाला. मग ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, तेही १०० मायक्रोलिटर. मिथेनॉलमधलं २० टक्के टीईओएस ३० मायक्रोलिटरच्या तीन हप्त्यांत, दर अर्ध्या तासानं, मंद ढवळत. तापमान २७ ते ३० अंश; थंडीत सीटॅबचे स्फटिक होतात आणि सगळं गणित बिघडतं. दोन दिवसांनी मिथेनॉलनं धुवा.

यूव्ही-व्हिजिबलमध्ये (प्रकाशशोषणाच्या आलेखात) रॉडच्या लांब अक्षाचं शिखर थोडं तांबड्याकडे (जास्त तरंगलांबीकडे) सरकलं तर थर बसला. शिखर पसरट झालं तर गुच्छ.