गणपतीनंतर घर बंद करण्याआधी: अलार्मच्या विजेची तयारी

विसर्जन झालं की दोन-तीन दिवसांत आम्ही दापोलीजवळचं घर बंद करून मुंबईला परततो. पुन्हा कुलूप उघडतं ते दिवाळीत, नाहीतर थेट शिमग्याला. दोन वर्षांपूर्वी निघताना सवयीने मेन स्विच खाली केला आणि दोन महिने निर्धास्त राहिलो. परत आलो तेव्हा चोरी टाळायला लावलेल्या अलार्मचं पॅनल, म्हणजे त्याची मुख्य पेटी, बंद होतं आणि बॅटरी इतकी खोलवर उतरली होती की ती पुन्हा चार्जच होईना. घरात काही गेलं नाही, पण ते दोन महिने घर उघड्यावरच होतं. म्हणून तयारीतलं पहिलं काम वायरमनचं: अलार्मसाठी मेनजवळून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा छोटा स्विच). घराची बाकी सगळी वीज बंद केली तरी हा एक वरच राहिला पाहिजे. त्यावर लाल चिकटपट्टी लावून ‘बंद करू नये’ असं लिहा, कारण निघताना मेन बंद करणारा हात दर वेळी तुमचाच असेल असं नाही.

त्यानंतर कागद-पेन घ्या. प्रत्येक उपकरणाच्या मागच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात ते किती मिलीअँपिअर घेतं हे दिलेलं असतं. आमच्याकडे पॅनल 100, कीपॅड 60, हालचाल ओळखणारे चार सेन्सर प्रत्येकी 15 म्हणजे 60, आणि सिमकार्डचं मॉड्यूल 40. दारांवरच्या चुंबकी स्विचना स्वतःची वीज लागत नाही. एकूण 260. शांत असताना अलार्म एवढं सतत घेतो. तो वाजला की आतला सायरन 300, बाहेरचा 500 आणि मेसेज-कॉल करताना मॉड्यूल आणखी साधारण 200 घेतं. आधीचे 260 धरून असे एकूण सव्वा अँपिअर होतात.

आता तास किती धरायचे? पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये सहा-आठ तास पुरतील. कोकणात पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की लाइट दुसऱ्या दिवशीच येते, म्हणून मी 24 तासांच्या खाली जात नाही. 260 मिलीअँपिअर 24 तास म्हणजे 6.24 एएच (अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप). त्यात पंधरा मिनिटं अलार्म वाजल्याचे सुमारे 0.32 मिळवले की 6.56. बॅटरी जुनी होते तशी तिची क्षमता घटते, म्हणून वर पाव हिस्सा धरायचा: 8.2. पॅनलच्या डब्यात सहसा मावते ती 7 एएचची बॅटरी इथे कमी पडते. आम्ही 12 एएचची घेतली आणि ती डब्यात बसत नाही म्हणून शेजारी वेगळी पेटी बसवली. दोन 7 एएचच्या समांतर जोडायच्या असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या जोडा.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या पट्ट्यात कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तेवढी मोठी बॅटरी ठेवणं व्यवहार्य नाही. त्यासाठी पॅनलमध्ये ‘लाइट गेली’, ‘लाइट आली’ आणि ‘बॅटरी उतरली’ असे तीनही मेसेज चालू करून ठेवा, म्हणजे शेजारच्यांना वेळेवर फोन तरी करता येतो. मोबाइलचा टॉवरही लाइट गेल्यावर काही तासांनी बंद पडतो. त्यामुळे बाहेरचा सायरन वाडीत ऐकू जाईल एवढा मोठा हवाच. आणि सिमच्या रिचार्जची मुदत परत येईपर्यंत आहे ना, हेही बघा.

बॅटरीइतकाच महत्त्वाचा तिला भरणारा पॉवर सप्लाय, आणि त्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. सप्लाय अर्ध्या अँपिअरचा असेल तर अलार्मचे 260 जाऊन हातात 240 मिलीअँपिअर उरतात. त्यावर 12 एएचची रिकामी बॅटरी भरायला दोन दिवसांहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात लाइट पुन्हा जाऊ शकते. आमचा सप्लाय 2 अँपिअरचा आहे. बॅटरी 12 व्होल्टची असते, तिच्या चार्जिंगचा व्होल्टेज 13.5 ते 13.8 च्या दरम्यान हवा. बॅटरी जास्तीत जास्त किती अँपिअरने चार्ज करायची हे तिच्या अंगावर छापलेलं असतं, ते ओलांडू नका. बॅटरी 10.5 व्होल्टच्या खाली जाण्याआधी तिला तोडणारी सोय पॅनलमध्ये आहे का, हेही विचारून घ्या. ती असती तर आमची पहिली बॅटरी कदाचित वाचली असती. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नका. तीन-साडेतीन वॉटच्या अलार्मसाठी रात्रंदिवस चालू राहताना तो स्वतःच त्याहून जास्त वीज खातो.

बाहेरच्या सायरनची वायर बारीक नको. अर्धा चौरस मिलिमीटरची वायर 25 मीटर नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध जवळजवळ 2 ओहम होतो आणि अर्ध्या अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जातो.

बॅटरी कौलांखाली माळ्यावर ठेवू नका, उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. माजघरातला गार कोपरा बरा. बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावर लिहा आणि तीन वर्षांनी, चालत असली तरी, बदला.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी अलार्मचा एमसीबी पाडून ठेवा आणि संध्याकाळपर्यंत सगळं बॅटरीवर चालू द्या. मग शेजाऱ्यांना आधी सांगून सायरन वाजवा आणि तो वाजत असतानाच बॅटरीला मल्टिमीटर लावा. 12 व्होल्टच्या आसपास टिकली तर ठीक, 11 कडे घसरत असेल तर नवी आणा. शेवटी एमसीबी वर करून, चार्जिंग सुरू झाल्याचं पाहून मगच झोपायला जा, म्हणजे सकाळी निघेपर्यंत तिला भरायला रात्र मिळते.