सैन्यसेवेत प्राण गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा नामफलक शाळेत कसा लावावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सैन्यात कोणी गेलं नाही अशी गल्ली शोधावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात असल्यामुळे भरतीचं मैदान आपल्या मुलांना दहावीच्या आधीपासून ठाऊक असतं. तरीही अनेक हायस्कूलांत खोली बांधून दिलेल्या देणगीदाराची फरशी दिसते, आणि त्याच बाकावर बसून पुढं सीमेवर गेलेल्या, परत न आलेल्या मुलाचं नाव कुठंच नसतं. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर हे काम होण्यासारखं आहे. फक्त ते फरशीपासून सुरू करू नका. वर्गणी काढली, २६ जानेवारीची तारीख धरली, कारागिराला नावं व्हॉट्सॲपवर पाठवली, की हमखास एखाद्याच्या वडिलांचं नाव चुकतं नाहीतर एखादा राहून जातो. जून महिन्यात कामाला हात घातला तर पुढच्या फेब्रुवारीत फलक लागेल, असा हिशेब धरा. त्यातले पहिले पाच महिने नुसते कागदाचे.

कोणाचं नाव घ्यायचं

हा निर्णय पहिल्याच बैठकीत करा आणि वहीत लिहा. 'माजी विद्यार्थी' म्हणजे ज्याचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे तो. दहावी पास झाला की नाही हे बघू नका. आठवी-नववीत शाळा सोडून भरती झालेली मुलं या भागात पुष्कळ आहेत. ती वगळली तर निम्मी यादी जाईल आणि गावाला ते पटणारही नाही.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक. लढाईत गेलेला, हिमस्खलनात गेलेला, गाडी दरीत कोसळून गेलेला, ड्युटीवर असताना आजारानं गेलेला, या सगळ्यांचं काय? सैन्यात 'बॅटल कॅज्युअल्टी' (कारवाईत गेलेला) आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' (इतर कारणानं गेलेला) असा भेद असतो, आणि त्यावर पेन्शन ठरते. शाळेनं तो भेद फलकावर आणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सेवेत असताना मृत्यू झाला, एवढी एकच अट ठेवा. कारण फाइलमध्ये राहू द्या, दगडावर नको. वरच्या आणि खालच्या अशा दोन याद्या केल्या, की खालच्या यादीतल्या मुलाच्या आईला ते रोज शाळेसमोरून जाताना टोचतं.

सीमा सुरक्षा दल आणि सीआरपीएफ ही दलं गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. पण गावाच्या आणि शाळेच्या लेखी त्यांत गेलेला मुलगाही जवानच. त्यांची नावं घ्या, दलाचं नाव मात्र नेमकं लिहा. निवृत्तीनंतर वारलेले माजी सैनिक या फलकावर येत नाहीत. त्यांच्यासाठी हवी तर वेगळी वही करा.

शाळेचं रजिस्टर

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि रजिस्टर कार्यालयातच बसून पाहू द्या अशी विनंती करा. बाहेर नेऊ नका. दोघांनी बसायचं, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं. जी. आर. नंबर (जनरल रजिस्टरमधला क्रमांक), पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, प्रवेशाचं आणि शाळा सोडल्याचं वर्ष, आणि शेवटच्या रकान्यातला शेरा. शाळा का सोडली ते तिथं लिहिलेलं असतं. 'भरती' हा शब्द दिसला की ओळीवर खूण करा.

जन्मतारीख जपून उतरवा. सैन्यातली जन्मतारीख बहुधा शाळेच्या दाखल्यावरूनच गेलेली असते. त्यामुळे एकाच नावाचे दोघं निघाले, आणि आपल्याकडं मारुती पाटील एका वर्गात तीन निघतात, तर ओळख पटवायला तीच कामी येते.

स्वातंत्र्यापूर्वीच्या जवानांबाबत एक लक्षात ठेवा. तेव्हाचे बरेच शिपाई प्राथमिक शाळेतूनच गेले. हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ते नसतील, पण गावच्या मराठी शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडतील. दोन्ही शाळा एकाच आवारात असतील तर एकच फलक करायला हरकत नाही.

सैन्याकडचा कागद

प्रत्येक नावाला किमान दोन स्वतंत्र पुरावे हवेत. एक घरचा, एक सरकारी. गल्लीतल्या तिघांनी सांगितलं म्हणजे तीन पुरावे होत नाहीत. ती एकच ऐकीव गोष्ट असते.

१९४७ नंतर कारवाईत प्राण गेलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हे स्मारक खुलं झालं, आणि त्याच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येतं. तिथं नाव नसलं म्हणजे माणूस सेवेत गेला नाही, असा अर्थ काढू नका. तिथं सगळ्या प्रकारचे मृत्यू नसतात.

दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी आहे. पहिल्या युद्धासाठी ती ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरते. आडनावानं शोधायला गेलात तर फसाल. त्या काळी शिपायाचं नाव बरेचदा स्वतःचं आणि वडिलांचं एवढंच नोंदवलेलं असे. गाव आणि पलटण धरून शोधा. रेजिमेंटचं नाव इंग्रजीत तेव्हाच्या स्पेलिंगनं, म्हणजे 'मराठा'मध्ये एच आणि दोन टी घालून टाका.

जिल्ह्याचीही गफलत होते. १९५६ पूर्वी चंदगड बेळगाव जिल्ह्यात आणि बेळगाव मुंबई राज्यात होतं. नंतर म्हैसूर राज्य, आणि १९७३ पासून कर्नाटक. निपाणी तालुका अलीकडचा, जुन्या कागदात तो चिकोडीत असतो. म्हणून जुन्या नोंदीत 'बेळगाव जिल्हा' दिसला तरी तो जवान आजच्या चंदगडचा असू शकतो. फलकावर गाव लिहा, जिल्हा-राज्य लिहू नका. वाद आणि चूक दोन्ही टळतात.

त्यानंतर अभिलेख कार्यालय, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावातच आहे, पण आपली सगळी मुलं मराठ्यातच गेली असं समजू नका. तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. आधी पलटण पक्की करा, मगच पत्र लिहा. हे पत्र वीरपत्नी किंवा आईवडिलांच्या सहीनं गेलं पाहिजे. समितीच्या लेटरहेडला उत्तर मिळेलच असं नाही. पत्रात आर्मी नंबर लिहा, शेवटच्या अक्षरासकट. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचाही उपयोग होतो. कुटुंब गडहिंग्लज-चंदगडकडं राहायला गेलं असेल तर कागद कोल्हापूरच्या कार्यालयात असू शकतात.

घरात पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ असतोच. त्यावर 'लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन' असेल तर मृत्यू कारवाईतला. 'स्पेशल' असेल तर सेवेशी निगडित कारणानं झालेला. नाव, नंबर, तारीख वहीत उतरवून घ्या. बँक खात्याचा फोटो काढू नका.

पदकांबाबत काटेकोर राहा. वीरचक्र, शौर्यचक्र, सेना मेडल ही राजपत्रात जाहीर होतात. तो उल्लेख मिळाला तरच नावापुढं लिहा. पेटीतली बाकीची पदकं सेवेची किंवा मोहिमेची असतात आणि घरच्यांना तो फरक कोणी सांगितलेला नसतो. तो समजावून सांगावा, पण आवाज न चढवता.

घरी जाताना

तिघांपेक्षा जास्त जाऊ नका. त्यातला एक माजी सैनिक असावा, शक्यतो त्याच पलटणीचा. वीरपत्नी माहेरी किंवा दुसऱ्या गावी असेल तर तिच्याकडं वेगळं जा. सासरच्यांना विचारलं म्हणजे तिला विचारलं असं होत नाही. नाव लावायला लेखी संमती घ्या. एखादं घर नको म्हणालं तर तो विषय तिथंच ठेवा.

फोटो घेतलात तर त्याच दिवशी स्कॅन करून मूळ परत द्या. ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलनं काचेवरून काढलेल्या फोटोत खिडकीची चमक येते.

सगळ्यात महत्त्वाचं, नाव मोठ्यानं वाचून दाखवा. आईला लिहिता-वाचता येत नसलं तरी ती ऐकून चूक पकडते. सैन्याच्या कागदावर नाव इंग्रजीत असतं, आणि कर्नाटकात 'त'साठी टीएच लिहायची पद्धत आहे. त्या कागदावरून सरळ देवनागरी केली की मारुतीचा 'मारुथी' होतो. परशरामचा 'परशुराम' होतो, यल्लाप्पाचा 'येलप्पा' होतो. घरात आणि रजिस्टरमध्ये जे नाव आहे ते देवनागरीत लिहा.

फलकावरचे शब्द

'हुतात्मा' हा शब्द आपल्याकडं जपून वापरावा लागतो. बेळगावात हुतात्मा चौक आणि १७ जानेवारीचा हुतात्मा दिन सीमालढ्याचे आहेत. सैनिकांच्या फलकावर तोच शब्द घातला तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, आणि नको त्या वेळी नको तो वाद शाळेच्या दारात येतो. सैन्यदल स्वतः 'शहीद' ही अधिकृत संज्ञा वापरत नाही. साधं वाक्य पुरतं: 'या शाळेत शिकून देशाच्या सेवेत गेलेले आणि सेवेत असताना प्राण दिलेले आपले विद्यार्थी.' राजमुद्रा लावू नका, तिच्या वापरावर कायद्याचे निर्बंध आहेत. रेजिमेंटचं बोधचिन्ह हवं असेल तर त्या रेजिमेंटच्या केंद्राची लेखी परवानगी घ्या.

नावं कन्नड आणि मराठी दोन्ही लिपींत द्या. ही शाळेची भिंत आहे, आणि त्याच पलटणीत गावातली दोन्ही भाषांची मुलं गेलेली असतात. कन्नड मजकूर कन्नड शिक्षकांकडूनच लिहून घ्या. कन्नडमध्ये ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' वेगळे असतात, मराठीत ते कळत नाहीत. देवनागरीवरून मशीननं बदललेलं कन्नड नाव तिथंच चुकतं.

क्रम मृत्यूच्या तारखेनं लावा. हुद्द्यानं लावला तर शिपाई कायम खाली जातो, आणि वर्णक्रमानं लावला तर पुढं नाव वाढवता येत नाही.

दगड आणि अक्षरं

एकच मोठी फरशी करू नका. ४ बाय ३ फुटांचा १८ मिमी जाडीचा काळा ग्रॅनाइट साठ किलोच्या आसपास भरतो, आणि त्यात एक अक्षर चुकलं तर सगळा दगड वाया. त्यापेक्षा वर ३ फूट बाय १ फूट शीर्षकाची फरशी आणि खाली प्रत्येक नावाची १८ बाय ५ इंचाची वेगळी पट्टी. पट्टीचं वजन तीन किलो. चूक निघाली तर तेवढी पट्टी बदलायची, नवं नाव आलं तर खाली जोडायची. तीन-चार कोऱ्या पट्ट्या त्याच दगडातून आत्ताच कापून ठेवा, नंतर रंग जुळत नाही.

१८ इंचाच्या पट्टीवर पहिली ओळ देवनागरी, दुसरी कन्नड, दोन्हींत अक्षराची उंची २२ मिमी, मात्रा-उकार सोडून. तिसरी ओळ १५ मिमीची: गाव, पलटण, मृत्यूची तारीख, शाळेतली वर्षं. अक्षर याहून लहान केलं की 'क्ष्म', 'ष्ण', 'र्‍ह' यांच्या मधली बारीक जागा कोरताना उडते आणि लक्ष्मण वाचताच येत नाही. जाड फॉन्ट घ्या. कोरीव काम सँडब्लास्टनं, म्हणजे वाळूच्या झोतानं, २ ते ३ मिमी खोल करून घ्या. लेझर फक्त पॉलिश उडवतं. स्वस्त पडतं, पण चार पावसाळ्यांत फिकं होतं. सोनेरीपेक्षा पांढरा रंग भरा, ओल्या काळ्या दगडावर तोच वाचता येतो.

कारागिराकडच्या संगणकावर मराठी श्रीलिपी आणि कन्नड नुडी या सॉफ्टवेअरांत असतं. युनिकोडमधला मजकूर त्यात बदलताना जोडाक्षरं तुटतात, 'ॲ' आणि 'र्‍य' गायब होतात. म्हणून अक्षरांचे कर्व्ह्ज (फॉन्टऐवजी रेषांच्या आकृत्या) केल्यावर मूळ मापाची कागदी प्रत काढून घ्या, प्रत्येक घरी न्या, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. सही नसलेली पट्टी कोरायला देऊ नका. तारीख गाठायची म्हणून हीच पायरी गाळली जाते, आणि दगडावरच्या बहुतेक चुका इथंच पकडता आल्या असत्या.

बसवणं

खानापूर-बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून येतो. त्या बाजूची भिंत घेऊ नका. व्हरांड्यात, पत्र्याखाली, कार्यालयाच्या शेजारी लावा. चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि गिलाव्यासकट फरशी सुटते. तिथं वेगळी विटांची भिंत उभारा. प्रत्येक पट्टीला मागं इपॉक्सी आणि दोन स्टेनलेस स्टीलच्या पिना. लोखंडी स्क्रू वापरले तर पहिल्याच पावसाळ्यात नावावरून गंजाचे ओघळ उतरतात. सर्वात खालची पट्टी जमिनीपासून ३ फुटांवर, वरची ६ फुटांपर्यंत, म्हणजे आठवीतल्या मुलाला मान वर न करता वाचता येईल.

सरकारी शाळा असेल तर शाळा सुधारणा समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, संस्थेची शाळा असेल तर कार्यकारिणीचा ठराव. इमारत पाडली तर फलक कोणाच्या ताब्यात राहील आणि पुन्हा कुठं लागेल, हेही ठरावात घाला. जुन्या फरशा बांधकामाच्या ढिगात जातात त्या याच कारणानं.

अनावरण

२६ जुलै कारगिल विजय दिन, पण तेव्हा मैदानात चिखल असतो. डिसेंबरात बहुतेक वर्षी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि अधिकारी मोकळे नसतात. मार्चपासून परीक्षा. त्यामुळे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी बरा. बिगुलर हवा असेल तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला किमान महिनाभर आधी लेखी विनंती करा.

फलकावर साधं कापड टाका. राष्ट्रध्वजानं स्मारक झाकायला मनाई आहे. ध्वज अर्ध्यावर उतरवणंही शाळेच्या हातात नाही, ते फक्त सरकारी आदेशानं होतं. पहिलं पुष्पचक्र वीरमाता-वीरपत्नींचं, मग पाहुण्यांचं. नावं वाचायचं काम विद्यार्थ्याला द्या आणि त्याच्याकडून ती आधी तीनदा म्हणून घ्या. भाषणं दोनच ठेवा. वृद्ध आईवडिलांना खुर्च्या सावलीत आणि पहिल्या रांगेत, त्यांना ने-आण करायला गाडी.

कागद दोन ठिकाणी ठेवा, एक संच मुख्याध्यापकांच्या कपाटात, दुसरा माजी विद्यार्थी संघटनेकडं. दर वर्षी शाळा सुरू होताना नव्या शिक्षकांना फाइल दाखवा. पावसाळा संपला की पट्ट्या साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा. ॲसिड लावू नका, पॉलिश जातं. रंग उडालेली अक्षरं दिवाळीच्या सुट्टीत बारीक ब्रशनं भरून घ्या.