गोव्यात नव्याने आलात? लेकराच्या बालवाडीविषयी थोडं

कोल्हापूर-सांगलीकडून किंवा पुण्याहून नोकरीनिमित्त म्हापसा, पर्वरी, फोंड्याला येणाऱ्या आईबाबांचा पहिला प्रश्न भाड्याच्या घराचा असतो आणि दुसरा बालवाडीचा. माझी दोन्ही मुलं इथल्याच बालवाडीतून मोठी झाली. शेजारी कोणी नवं बिऱ्हाड आलं की त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

बहुतेकांची धास्ती एकच असते. वर्गातली मुलं कोंकणीत खेळतात, टीचर मध्येच इंग्रजी बोलतात, आपलं पोर मराठी. त्याचं कसं होणार? तर घाबरू नका. मराठी इथे परकी नाही. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, पण सरकारी कामकाजात मराठीला त्याच कायद्यात जागा आहे. सरकारी प्राथमिक शाळांमध्ये मराठी माध्यमाच्या शाळा भरपूर आहेत, देवळांत भजनं मराठीत होतात, सकाळी पावासोबत मराठी पेपरही दारात येतो. टीचरशी तुम्ही बेलाशक मराठीत बोला, त्यांना सगळं कळतं. आणि लहान मुलं कोंकणी उचलतात ती आपल्या आधी. 'यो, खेळूंया' (ये, खेळूया) आणि 'म्हाका दी' (मला दे) एवढं आलं तरी घसरगुंडीपाशी काम भागतं.

आता मैत्रीबद्दल. बालवाडी जूनमध्ये सुरू होते आणि पहिले काही आठवडे तिथे मैत्री हाच विषय चालतो: नावं लक्षात ठेवणं, खेळणं वाटून घेणं, पाळी येईपर्यंत थांबणं. घरी पालक मात्र रोज विचारतात, 'कोणी मित्र झाला का?' तीन वर्षांच्या मुलाला हा प्रश्न फार मोठा आहे. या वयात दोन मुलं वाळूत शेजारी बसून आपापली बादली भरतात, एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, तरी दोघांना बरं वाटत असतं. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने 1932 सालीच मुलांच्या खेळाचे असे टप्पे मांडले होते. एकत्र ठरवून खेळणं त्यात नंतर येतं. म्हणून तुम्ही विचारा, 'आज डबा खाताना शेजारी कोण होतं?' याचं उत्तर मिळतं. तेच नाव दोनतीनदा आलं की त्या मुलाच्या आईला फोन करून एखाद्या संध्याकाळी घरी बोलवा. आमच्याकडे मैत्री वर्गात जमली नाही तेवढी अंगणात जमली.

सां जांव या ख्रिस्ती सणाच्या, म्हणजे 24 जूनच्या सुमाराला धाकटीच्या वर्गात टीचरने पानाफुलांची कोपेलं, म्हणजे डोक्यावर घालायचे मुकुट, करून घेतली. प्रत्येकाने स्वतःसाठी नाही, जोडीदारासाठी करायचं. धाकटीच्या जोडीला कानडी घरातला मुलगा होता. त्याच्या डोक्याला कोपेल मोठं झालं आणि सरळ गळ्यात उतरलं. दोघं इतकी हसली की टीचरने शेवटी ते गळ्यातच राहू दिलं. कोणाला कोणाची भाषा येत नव्हती. असं काही शाळेत चाललं असेल तर आवर्जून बघायला जा. गणपती, नाताळ, ईद सगळं इथे वर्गात एकत्र होतं आणि मुलं एकमेकांची घरं त्यातूनच ओळखतात.

वाचनाकडे मात्र मी पालकांचं लक्ष हट्टाने वळवते. नवीन आलेले बरेच जण घाईघाईने घरात इंग्रजी सुरू करतात, मूल मागे पडेल म्हणून. तसं करू नका. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे; त्यात खेळ आणि गोष्टी मुख्य आहेत आणि घरच्या भाषेवर भर आहे. रात्री झोपण्याआधी मराठीत गोष्ट वाचा, पंधरा मिनिटं पुरतात. पावसाळ्यात वीज गेली तर टॉर्चच्या उजेडात वाचा, मुलांना तेच जास्त आवडतं. आणि सरळ वाचत सुटू नका, अधेमधे थांबा. 'ससा का रुसला असेल?' 'आता तू त्याच्याजागी असतास तर?' 1988 साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की आईवडिलांनी असे प्रश्न विचारत चित्रांचं पुस्तक वाचलं तर मुलाचं बोलणं झपाट्याने वाढतं. शिवाय शाळेत भांडण झालेलं मूल थेट विचारल्यावर गप्प बसतं. सशाबद्दल विचारलं की सगळं सांगून टाकतं. माझ्या थोरल्याने ढकलाढकलीची अख्खी हकीकत एका कासवाच्या तोंडून सांगितली होती.

पुस्तकं कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. पणजीला पाटो भागात, कदंब बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ संस्था 1832 सालची. तिथे मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. मुलाला सोबत न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या, मग ते चौथ्यांदा का निवडेना. घरबसल्या हवं असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, कोंकणीही आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट आणि पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रमय पुस्तकं गावी जाल तेव्हा पिशवीभर घेऊन या. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीत गावी जाणारे पुष्कळ असतात, त्यांच्याकडूनही मागवता येतात.

वाढदिवसाला वर्गात वाटायला पेन्सिल-खोडरबराऐवजी छोटी पुस्तकं द्या. वर्गात मराठी, कोंकणी, हिंदी, कानडी अशी सगळी घरं असतात, म्हणून शब्द कमी आणि चित्रं जास्त असलेली निवडा, म्हणजे कोणाच्याही आजीला आपल्या भाषेत गोष्ट रंगवता येईल. टीचरला आधी विचारून घ्या, वर्गात किती मुलं आहेत तेही कळेल.