थीम पार्कला गाडीने जाताय? गाडीपासून गेटपर्यंतची आमची यादी

पुढच्या महिन्यात आम्ही परत अमेरिकेतल्या ऑर्लँडोला चाललोय, यावेळी डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कला. बहीण, तिचा नवरा आणि दोन मुलं पण सोबत आहेत, म्हणून तिच्यासाठी यादी लिहायला बसले आणि ती एवढी लांबली की म्हटलं इथेच टाकते, अजून कोणाच्या तरी उपयोगी पडेल. तिकिटं, राइड्स, खाणंपिणं यावर सगळीकडे ढीगभर लिहिलंय, ते मी लिहीत नाहीये. हे फक्त गाडी लावल्यापासून गेटपर्यंत आणि रात्री गेटपासून परत गाडीपर्यंत, एवढंच.

का, तर मागच्या वेळी दुसऱ्या एका मोठ्या पार्कात आमचा दिवस मस्त गेला आणि त्यानंतरचे जवळपास दोन तास पार्किंगमध्ये गेले. भाड्याची पांढरी एसयूव्ही होती. सकाळी नवरा गाडी लावत होता, मी डिकीतून स्ट्रोलर काढत होते, आई लेकीला टोपी घालत होती, तेवढ्यात पार्किंगमधून लोकांना ने-आण करणारी ट्रॅम येऊन उभी राहिली आणि आम्ही पळालो. ओळीचा नंबर मला वाटलं त्याने बघितला असेल, त्याला वाटलं मी. रात्री साडेअकराला ट्रॅममधून उतरलो तर नजर जाईल तिथपर्यंत गाड्या, आणि त्यातली दर चौथी-पाचवी पांढरी एसयूव्ही. लेक खांद्यावर झोपलेली, आईचे गुडघे आधीच बोलायला लागलेले, ती दिव्याच्या खांबाखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसून राहिली आणि आम्ही रिमोटचं बटण दाबत ओळीओळीतून फिरत होतो.

शेवटी तिथला एक कर्मचारी छोट्या गाडीतून आला. त्याने गाडीचा रंग विचारला नाही, नंबर विचारला नाही, पहिला प्रश्न केला, किती वाजता आलात? कारण अशा मोकळ्या पार्किंगमध्ये सकाळी गाड्या ओळीने भरत नेतात, एक भाग भरला की पुढचा, त्यामुळे कुठल्या वेळेला कुठला भाग भरत होता ते त्यांना काढता येतं. आम्ही म्हटलं नऊ, साडेनऊ. तो म्हणाला अर्ध्या तासात शेकडो गाड्या लागतात, नक्की सांगा. तेव्हा मला आठवलं की ट्रॅममध्ये बसल्याबसल्या लेकीचा एक फोटो काढला होता. फोटोवर वेळ होती ९:१२. त्यातून पाच मिनिटं वजा केली, त्याने आम्हाला सरळ एका भागात नेलं आणि तिसऱ्या ओळीत गाडी सापडली.

म्हणून यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट आत्ताच सांगते आणि पुढे परत परत सांगणार आहे: गाडीपासून हलायच्या आधी विभागाचं नाव, ओळीचा नंबर आणि वेळ टिपून घ्या. ट्रॅम आलेली असली तरी, मुलं ओढत असली तरी. ती ट्रॅम गेली तर दुसरी येते.

आता बाकीचं. आधी हे ठरवा की गाडी न्यायचीच आहे का. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहत असाल तर मॅजिक किंगडमला गाडी नेऊ नका, अजिबात नको. हॉटेलची बस थेट पार्कच्या गेटजवळ सोडते, आणि गाडीने गेलात तर तुम्ही गेटजवळ पोचतच नाही, तलावाच्या पलीकडच्या काठाला पोचता. हे खूप जणांना माहीत नसतं. मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हापासून रचना अशीच आहे, मुद्दाम केलेली. पार्किंग आणि पार्क यांच्यामध्ये सेव्हन सीज लगून नावाचा तलाव. गाडी लावायची, ट्रान्सपोर्टेशन अँड टिकिट सेंटरला यायचं आणि तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट घेऊन पलीकडे जायचं. उबर केलीत तरी साधारण याच सेंटरला सोडतात, त्यामुळे उबरने वेळ वाचेल असं समजू नका. कंटेम्पररी हॉटेलात राहणाऱ्यांचं मात्र बरं आहे, दहाएक मिनिटांत चालत गेट.

दुसरं, वेळेचा हिशोब. पार्क नऊला उघडतं म्हणून नऊला पोचायचं असं धरून निघालात तर गेलात. टोलसारखे बूथ असतात तिथे पार्किंगचे पैसे, मग गाडी लावणं, ट्रॅम किंवा चालणं, मग सेंटरलाच बॅगा तपासतात ती रांग, मग मोनोरेल किंवा बोटीची रांग, मग गेटवर तिकीट. मी बूथपासून गेटपर्यंत एक तास धरते. कमी लागला तर छानच. पार्किंगची पावती जपून ठेवा, त्याच दिवशी डिस्नेच्या दुसऱ्या पार्कात गेलात तर परत पैसे पडत नाहीत. डिस्ने हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कातलं साधं पार्किंग फुकट असतं. भाव ऑनलाइन बघा, बदलत असतात.

पत्ता नीट टाका. हे विशेषतः युनिव्हर्सलला, म्हणजे ऑर्लँडोतल्या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांना, जाणाऱ्यांसाठी. २२ मे २०२५ ला त्यांचं एपिक युनिव्हर्स उघडलं, ते जुन्या दोन पार्कांच्या शेजारी नाहीये, काही मैल लांब आहे आणि त्याचं पार्किंग वेगळं आहे. मॅपवर नुसतं युनिव्हर्सल टाकून निघालात तर भलत्याच पार्किंगमध्ये पैसे भरून उभे राहाल. डिस्नेचंही तेच, चार पार्क, चार पार्किंगं, पार्कचं नाव टाका.

स्ट्रोलर. डिस्नेत १ मे २०१९ पासून माप ठरलेलं आहे, रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंच, याच्या वर चालत नाही, आणि ओढायच्या वॅगन तर अजिबात नाही. बहिणीकडे वॅगन आहे म्हणून हे लिहितेय, ती घरीच ठेव गं. ट्रॅममध्ये स्ट्रोलर घडी करावा लागतो, म्हणजे झोपलेलं मूल उचला, पिशव्या काढा, हुडावर टाकलेली जॅकेटं काढा, आणि मागे लोक उभे. बोटीत आणि मोनोरेलमध्ये मूल न उठवता तसाच ढकलत नेता येतो. म्हणून मूल झोपलेलं असेल आणि गाडी फार लांब नसेल तर ट्रॅम सोडा, चालत या. आणि एका हाताने घडी होणारा स्ट्रोलर असेल तर तोच आणा, घरी दोनतीनदा घडी करून बघा.

आईवडिलांना नेत असाल तर ही गोष्ट दुय्यम नाही. मागच्या वेळी आम्ही आईला विचारलं, चालशील ना, ती हो म्हणाली, आपले आईवडील हो च म्हणतात. पार्कातलं चालणं तिने मनात धरलं होतं, पार्किंगचं कोणीच धरलं नव्हतं. दिव्यांगांसाठीचं प्लॅकार्ड (गाडीत लावायचं पार्किंगचं परवाना-कार्ड) असेल तर बूथवरच सांगा, ते जवळच्या वेगळ्या भागात पाठवतात, आत शिरल्यावर मग सांगून काही होत नाही कारण तोपर्यंत कर्मचारी हातवारे करून गाड्या पुढे पाठवतात त्या रांगेत तुम्ही असता. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर पार्किंगच्या ट्रॅममध्ये चढत नाहीत. प्लॅकार्ड नसेल आणि गुडघे दुखत असतील तर एकाने सगळ्यांना आधी सेंटरच्या उतरायच्या जागेवर सोडायचं आणि मग गाडी लावायला जायचं. फक्त मग गाडी लावणारा एकटा असतो, म्हणजे टिपून घेणारा तो एकटाच, त्यामुळे त्याने तिथल्या तिथे फोटो बाकीच्यांना पाठवायचा. विभाग, ओळ, वेळ.

हं, परत त्याच्यावर येते कारण यात बारकावे आहेत.

मॅजिक किंगडमच्या पार्किंगमध्ये बारा हजारांच्या आसपास गाड्या मावतात. त्याचे दोन भाग आहेत, एकीकडे नायक, एकीकडे खलनायक. नायकांत वुडी, सिंबा, पीटर पॅन, रॅपन्झेल, मुलान, अलादीन, खलनायकांत झर्ग, जाफर, हुक, उर्सुला, स्कार, क्रुएला. नावं गोड आहेत, मुलांच्या लक्षात राहतात, आणि तिथेच लोक फसतात, कारण रात्री सगळ्यांना सिंबा आठवतो आणि ओळीचा नंबर कोणालाच आठवत नाही. नुसता सिंबा म्हणजे काही नाही. आधी ओळीच्या नंबरच्या पाटीचा फोटो. मग त्याच जागेवरून वळून गाडीचा, नंबरप्लेट दिसेल असा. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट तुम्हाला पाठ नसते आणि किल्लीच्या टॅगवरचा आकडा आमच्यासारखा घासलेला असू शकतो. फोटोवर वेळ आपोआप येते, तीच आम्हाला कामी आली.

आणि कागदावर पण लिहा. हे मी हट्टाने सांगतेय. दिवसभर ॲप, तिकीट, रांगेच्या वेळा, व्हिडिओ, सगळं एकाच फोनवर चालतं आणि रात्री अकराला तो फोन कधी बंद पडेल सांगता येत नाही, त्यादिवशी माझ्या फोनवर चार टक्के होते, अजून दहा मिनिटांनी ते ९:१२ सुद्धा मिळालं नसतं. छोटा कागद, पेन, मोठ्या माणसाच्या पाकिटात. पेन आदल्या रात्रीच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, ट्रॅम आली की आतल्या कप्प्यातलं पेन कोणी शोधत नाही.

मॅपवर पिन टाकली की झालं असं म्हणणाऱ्यांसाठी: मोकळ्या मैदानात पिन चालते. बहुमजली पार्किंगमध्ये पिनला मजला कळत नाही. युनिव्हर्सलच्या जुन्या पार्कांना दोन अवाढव्य बहुमजली इमारती आहेत, तिथे विभागांना जॉज, किंग काँग, ई.टी. अशी नावं आहेत, तिथून सरकत्या पट्ट्यांवरून मधल्या चौकात यायचं, तपासणी तिथेच, मग सिटीवॉक या दुकानं-खाण्याच्या भागातून पार्क. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला तर आणखी मोठं, मिकी अँड फ्रेंड्स नावाची दहा हजारांवर गाड्यांची इमारत २००० साली झाली आणि तिच्या शेजारी २०१९ मध्ये पिक्सार पाल्स. दोन्ही एकमेकींना लागून, दोन्हींत कार्टूनची नावं, म्हणजे इमारत कुठली इथपासून लिहायचं. इमारत, मजला, विभाग, ओळ. तिथलं जुनं मोकळं पार्किंग आता नाहीच, २००१ साली त्या जागेवर कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर हे दुसरं पार्क उभं राहिलं, त्यामुळे पूर्वी गेलेल्या कोणाच्या आठवणीवर विसंबू नका. तिथे ट्रॅमची रांग लांब असेल तर डाउनटाउन डिस्ने या दुकानांच्या भागातून चालतही जाता येतं, पंधरावीस मिनिटं.

कामं वाटून घ्या. "कोणीतरी बघेल" म्हणजे कोणीही बघत नाही, आमचं तेच झालं. यावेळी आमच्याकडे ठरलंय, गाडी लावणारा फक्त गाडी लावणार, फोटो मी काढणार, कागदावर भाची लिहिणार, ती दहा वर्षांची आहे आणि अक्षर छान आहे. आणि तिने मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत गाडीपासून कोणी हलायचं नाही.

ऑर्लँडोतल्याच डिस्नेच्या एपकॉट या पार्कला जाणार असाल तर अजून एक. त्याला दोन दारं आहेत. पार्किंग मुख्य दाराला आहे. मागचं दार इंटरनॅशनल गेटवे, तिथून स्कायलायनर (डिस्नेची केबल कार) आणि हॉलिवूड स्टुडिओज या डिस्नेच्या दुसऱ्या पार्ककडे जायचा पायरस्ता. रात्री गर्दीच्या लोंढ्याबरोबर वाहत मागच्या दाराने बाहेर पडलात तर गाडी पार्कच्या दुसऱ्या टोकाला. बाहेर पडण्याआधी कुठल्या दाराने आत आलो ते आठवा. तेही त्याच कागदावर लिहा ना, जागा आहे.

पाऊस: फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी विजा होतातच. वीज चमकली की स्कायलायनर थांबतो, बोटीही थांबतात, मग सगळी गर्दी मोनोरेलवर. रेनकोट आणा, छत्री आणि स्ट्रोलर एकत्र जमत नाही. गाडी दिवसभर उन्हात तापते, औषधं आत ठेवू नका, तिथून परत येऊन घेऊ असंही ठरवू नका, जाऊन येऊन दीड तास जाईल. सुटा बर्फ आत नेऊ देत नाहीत. पॉवर बँक. चपला नको, बूट.

परत येताना. आतषबाजी संपली की सगळे एकदम निघतात. एकतर ती संपायच्या जरा आधी निघा नाहीतर अर्धापाऊण तास आतच बसून राहा, मधलं काही नको. मोनोरेलची रांग मोठी दिसली तर बोट बघा, एका बोटीत खूप माणसं जातात. ट्रॅममध्ये चढण्याआधी कागद बाहेर काढा, चढल्यावर नाही, कारण नायकांची ट्रॅम वेगळी आणि खलनायकांची वेगळी. लहान मुलांना स्ट्रोलरमध्ये किंवा कडेवर घ्या, अंधारात गाड्या मागे येत असतात. गाडी सापडली नाही तर फिरत बसू नका, पहिल्या दिसेल त्या कर्मचाऱ्याला वेळ सांगा. बाहेर पडायला पण वेळ लागतो, मुलांना गाडीत बसवण्याआधी बाथरूमला नेऊन आणा, सेंटरला आहे.

गाडीत कोरडे कपडे आणि पाणी ठेवा. पेन आत्ताच बॅगेत टाका.